पाच हजारांत मॅक्रो फोटोग्राफी जमेल का? (कॅनन ७००डी, ट्यूब लावली तर सगळा अंधार येतोय)

पानफुटी
नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. मी कराडची, घरामागे छोटं परसदार आहे, आईने लावलेला कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, कडेला पानफुटीच्या कुंड्या. मागच्या पावसाळ्यात कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याने घाण केल्यासारखं काहीतरी दिसलं म्हणून मी काडीने काढायला गेले तर ते हललं, आणि डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढली आणि असला उग्र वास आला की मी मागेच सरकले. अळी होती! आठवडाभरात तीच अळी हिरवीगार झाली. तेव्हापासून मला या बारक्या जिवांचं वेड लागलंय आणि त्यांचे नीट फोटो काढता यावेत असं फार वाटतंय.

माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला कॅनन ७००डी आहे, सोबत १८-५५ एसटीएम आणि ५५-२५० एसटीएम या दोन झूम लेन्स. १०० मिमीच्या मॅक्रो लेन्सची किंमत बघितली आणि ती खिडकी लगेच बंद केली, ते आत्ता तरी शक्य नाही. बजेट जेमतेम पाच हजार, तेही दोन हप्त्यांत म्हणा. ऑनलाइन साडेचारशेला एक्सटेन्शन ट्यूबचा (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायच्या नळ्यांचा) सेट मिळाला, तीन रिंगावाला, तो मागवला. १८-५५ ला लावला तर स्क्रीनवर एफ ००, फोकसची रिंग कितीही फिरवली तरी काहीच होत नाही, आणि फोटोत फक्त दोऱ्याएवढी एक रेघ शार्प, बाकी सगळा धूर. फ्लॅश उघडला तर फोटोच्या खालच्या अर्ध्या भागात काळी सावली. इथल्या एका दुकानात दाखवलं तर त्यांनी तुमची लेन्स गेली म्हणून सांगितलं. खरंच गेली का? आणि उरलेल्या पैशांत काय घेऊ? कृपया सोपं करून सांगा, मला आकडेमोड थोडी जड जाते.

टेकडीवरचा
लेन्स ठणठणीत आहे, अजिबात काळजी करू नका. तुम्ही जे जे लिहिलंय त्या प्रत्येकाला कारण आहे.

साडेचारशेची ट्यूब म्हणजे नुसती पोकळ नळी, तिच्यात कॅमेरा आणि लेन्सला जोडणारे पिवळे पॉइंट नसतात. कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही, म्हणून एफ ००. आता एसटीएम लेन्सची गंमत अशी की तिची फोकस रिंग थेट काचेला जोडलेलीच नाही, ती फिरवली की आतल्या मोटरला निरोप जातो आणि मोटर काच हलवते. वीजच नाही तर मोटर काय करणार, म्हणून रिंग फिरते पण फोकस जागचा हलत नाही. आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं पात्यांचं भोक, कॅमेऱ्याकडून हुकूम आल्याशिवाय बंद होत नाही म्हणून ते पूर्ण उघडं राहतं, म्हणून ती दोऱ्याएवढी रेघ. दुकानदाराने लेन्स गेली म्हटलं ते चूक आहे, लेन्स थेट कॅमेऱ्याला लावून एक फोटो काढा, तुमची खात्री पटेल.

यावर बिनपैशाचा तोडगा आहे. लेन्स थेट कॅमेऱ्याला लावा, एव्ही मोडवर ॲपर्चर ११ करा, लेन्सच्या बाजूला खाली एक बारीक बटण आहे, डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं, ते दाबून धरा आणि धरलेलं असतानाच लेन्स फिरवून काढा. आत बघितलंत तर पात्या मिटलेल्या दिसतील. आता ती ट्यूबवर चढवा. ११ वर अडकलेली लेन्स तयार. हे खोलीत, पंखा बंद करून करा, कारण कॅमेरा उघडा राहतो आणि धूळ आत जाते. प्रत्येक वेळी ॲपर्चर बदलायचं तर हाच उपद्व्याप पुन्हा, पण मॅक्रोत आपण तसंही ८ ते ११ च्या बाहेर फारसं जात नाही.

फोकसचं म्हणाल तर मॅक्रोत रिंगने फोकस करायची सवयच सोडा. लेन्स एका जागी ठेवायची आणि आपण अख्खे पुढेमागे व्हायचं, एकेक मिलिमीटर. ऑटोफोकसवाली ट्यूब असली तरी हेच करावं लागतं.

दुसरं, ट्यूब लावून झूम १८ वर ठेवू नका. इतक्या रुंद लेन्सला एवढी लांब नळी लावली की जिथे फोकस होतो ती जागा लेन्सच्या काचेला टेकते किंवा काचेच्या आतच जाते, मग कितीही जवळ गेलं तरी काही दिसणार नाही. ५५ वरच ठेवा.

हिशेब एकदाच सांगतो, भागाकार आहे फक्त. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा, १८, ५५, २५० वगैरे) म्हणजे ट्यूबमुळे वाढलेलं मोठेपण. माझ्या सेटवर १३, २१ आणि ३१ लिहिलंय, एकूण ६५ मिमी. ५५ च्या लेन्सवर ६५ म्हणजे सव्वापटीच्या जवळ. तीच नळी २५० वर लावली तर पाव पटच वाढ. म्हणून लक्षात ठेवायला सोपं, नळी आखूड लेन्सला आणि पुढे लावायचं भिंग लांब लेन्सला.

आपण कितीवर आहोत ते बघायला शाळेतली प्लास्टिकची पट्टी घ्या आणि तिचा फोटो काढा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे. फोटोच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पट्टीचे बावीस मिलिमीटर मावले तर तुम्ही एकास एकवर, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटतेय. अकरा मावले तर दुप्पट. मी अजून प्रत्येक नवीन जुगाड असाच मोजतो.

उरलेल्या पैशांचं उद्या सविस्तर लिहितो, पण आत्ताच सांगून ठेवतो, लेन्समागे धावू नका. आधी प्रकाश सुधारा. तुमची ती काळी सावली हाच खरा प्रश्न आहे.

नवाकोरा_९
मी मोबाईलला तीनशेची क्लिपवाली लेन्स लावतो, मुंग्या मस्त येतात. मोबाईलमधल्या २ मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्यापेक्षा मेन कॅमेऱ्यावर क्लिप लावलेली कधीही बरी. कडा फाटतात पण मधला भाग चांगला येतो. एक ट्रिक वाचली होती की किडा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचा, मग तो हलत नाही, आरामात फोटो निघतो. ट्राय करून बघा ताई.

जुनी_रीळ
पानफुटी ताई, माझी उमेदीची वर्षं गेली ती रोलच्या कॅमेऱ्यात, सांगलीकडे स्टुडिओत तीस वर्षं काम केलं. त्या काळी लोक आजोबा-पणजोबांचा तिकिटाएवढा, वाळवी लागलेला फोटो घेऊन यायचे आणि मोठा करून द्या म्हणायचे. मॅक्रो लेन्स आमच्या मालकांकडेही नव्हती. आम्ही ५० ची लेन्स उलटी करून लावायचो. सरळ लेन्स लांबचं मोठं जग छोटं करून फिल्मवर आणते, ती उलटी केली की छोटं जग मोठं करते, इतकं ते साधं आहे.

तुमच्या १८-५५ च्या पुढच्या बाजूला ५८ मिमीचे आटे आहेत. ५८ ची कॅननची रिव्हर्स रिंग अडीचशे-तीनशेला मिळते. ती लेन्सच्या पुढच्या आट्यांत फिरवायची आणि लेन्स उलटी कॅमेऱ्याला लावायची. यात झूमचा खेळ उलटा होतो, ५५ वर कमी मोठं आणि १८ कडे नेलं की तीन पटीच्या वर. सुरुवात ५५ नेच करा, १८ वर मुंगीचं डोकंही फ्रेममध्ये ठेवता येत नाही, हात थरथरला की मुंगी गायब. आणि किड्याच्या चार-पाच सेंटिमीटर इतकं जवळ जावं लागतं, हा या पद्धतीचा मोठा तोटा. ॲपर्चर अडकवायची युक्ती वरच्या भाऊंनी सांगितली तीच इथेही.

पण माझं ऐकाल तर घरात, नात्यात कुणाकडे जुना रोलचा कॅमेरा पडलाय का विचारा. पेंटॅक्स के१००० असेल तर सोनं! त्याच्या ५० मिमी एफ २ लेन्सवर ॲपर्चरची स्वतःची रिंग असते, हाताने ८ करा, ११ करा, बटण नको की वीज नको. तिचे आटे ४९ चे, त्यामुळे रिंग ४९ ची घ्या. उलटी लावली की साधारण एकास एक, आणि ट्यूब मध्ये घातली की आणखी पुढे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अशा लेन्स कधी कधी दिसतात. घेताना मोबाईलची बॅटरी मागून मारून काचेतून आरपार बघायचं, आत कोळिष्टकासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी आहे, ठेवून द्या, कितीही स्वस्त दिली तरी.

उलटी लेन्स लावली की तिची मागची काच उघडी पडते, तिला ओरखडा आला की संपलं. मागच्या झाकणाला मधोमध भोक पाडून तेच लावून ठेवा.

बुरशीवरून आठवलं, पावसाळ्यात लेन्स कपाटात कापडी पिशवीत ठेवू नका. रबरी कडेचा घट्ट डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. निळे खडे गुलाबी झाले की त्यांनी पाणी प्यालं असं समजायचं, गरम केले की पुन्हा निळे होतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात गरम करायचे नाहीत. लोक तांदळात ठेवतात, तांदळाची भुकटी रिंगेत जाऊन बसते, ते करू नका.

पानफुटी
काका, दादा, तुम्ही एवढं वेळ काढून लिहिलंत, खरंच खूप आभार. बटण दाबून लेन्स काढायची युक्ती रात्रीच केली, तीनदा चुकलं कारण मी बटण आधीच सोडत होते, चौथ्यांदा आत बघितलं तर पात्या मिटून मधे छोटं भोक! मी आईला उठवून दाखवलं. पट्टीचा फोटो काढला तर एकोणीस मिलिमीटर मावले, म्हणजे एकास एकच्या थोडं पुढे ना?

सकाळी कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर अंडं सापडलं, पिवळसर, मोहरीहूनही बारीक. अगदी गोल. फोटो आला पण खूप अंधारा, आयएसओ ३२०० केल्यावर जरा दिसायला लागलं पण सगळं दाणेदार. फ्लॅश लावला तर तीच काळी सावली, आणि जिथे उजेड पडतो तिथे अंड्यावर पांढराफेक डाग. हे प्रकाशाचं कसं करायचं ते सांगा ना.

आणि नवाकोरा, फ्रीजचं मला नाही जमणार, जीव आहे तो.

टेकडीवरचा
एकोणीस म्हणजे एकास एकच्या पुढेच, बरोबर. पहिल्याच दिवशी अंडं मिळालं हे फार भारी झालं!

अंधार का, तर एकास एकवर आल्यावर लेन्स ११ वर असली तरी ती २२ असल्यासारखी वागते. नळी जेवढी लांब तेवढा प्रकाश पसरतो, एकास एकला दोन स्टॉप, म्हणजे चौथाईच उरतो. त्यात तुमचा हात हलतो, पान हलतं. आणि शार्प राहणारा पट्टा ११ वरसुद्धा पाऊण मिलिमीटरच्या आसपास, दुप्पट मोठं केलं की ०.३ मिमीच्या आसपास. यातून सुटायचं म्हणून काही जण २२, ३२ असं ॲपर्चर बंद करतात, मग पट्टा वाढतो पण सगळंच मऊ पडतं, डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो म्हणून. तर उजेड बाहेरूनच आणायला लागतो आणि तो म्हणजे फ्लॅश. फ्लॅशचा अजून एक फायदा, कमी ताकदीवर तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागाएवढाच पेटतो, त्यात हाताची थरथर, पानाची थरथर सगळी गोठते. म्हणून मी ट्रायपॉड वापरतच नाही. ट्रायपॉड लावेपर्यंत चतुर दुसऱ्या तलावावर गेलेला असतो.

सावली पडते ती तुमच्याच लेन्सची. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वर बसलाय, लेन्स आणि नळी मिळून लांब झालीये, किडा अगदी तोंडाशी, मग फ्लॅशचा उजेड लेन्सच्या छपरावर अडतो. आणि फ्लॅशची काच बोटभर, म्हणून अंड्यावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा डाग. उजेड किड्यापेक्षा मोठा आणि किड्याच्या जवळ आला पाहिजे, माझं मॅक्रोचं निम्मं शिक्षण एवढंच आहे.

आता असा उजेड मऊ करणारा पडदा, म्हणजे डिफ्युजर, बनवायचा कसा. मिक्सर किंवा टीव्हीच्या खोक्यात पांढरा पातळ फोमचा कागद येतो ना, वस्तूला गुंडाळलेला, तो घ्या, वहीच्या दोन पानांएवढा. एका कडेला लेन्स घट्ट बसेल एवढं गोल भोक. लेन्स त्यातून आरपार घालायची आणि कागदाची उरलेली बाजू कमानीसारखी वर वळवून फ्लॅशच्या पुढे आणायची, रबरबँडने बांधायची. कागद लेन्सच्या तोंडाच्या पुढे तीन-चार बोटं छपरासारखा झुकला पाहिजे. फ्लॅशपासून कागदापर्यंतचा उजेड इकडेतिकडे पळू नये म्हणून पुठ्ठ्याचा बोगदा करा, आतून चिप्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू चिकटवा. मी पहिला केला तेव्हा सेलोटेप आणि पाकीट धरून वीस रुपयेपण लागले नव्हते, आणि तो दोन पावसाळे टिकला.

चांगला झाला की नाही हे किड्यावर तपासू नका. आईच्या मंगळसूत्रातला काळा मणी समोर ठेवा आणि त्याचा फोटो काढा. मण्यावर जे चमकतं तेच ढालकिड्याच्या पाठीवर, माशीच्या डोळ्यावर चमकणार आहे. कडक पांढरा ठिपका दिसला तर कागदाचा अजून एक थर लावा, किंवा कागद फ्लॅशपासून अजून लांब न्या. मण्यावर ढगासारखा मऊ, कडा विरघळलेला पट्टा दिसायला लागला आणि त्याच्या खालून मण्याचा काळा रंग दिसला की जमलं. मी एक आख्खी रविवारची दुपार त्या एका मण्यावर घालवली होती, आणि त्या दुपारने मला जेवढं शिकवलं तेवढं नंतर घेतलेल्या कुठल्या सामानाने नाही शिकवलं.

सेटिंग मॅन्युअल मोड, शटर १/२००, आयएसओ २०० पासून ४००, फ्लॅश मेनूत जाऊन मॅन्युअलवर, १/४ ने सुरू करा आणि फोटो बघून कमीजास्त करा. १/२०० च्या वर जाऊ नका, फोटोत काळा पट्टा येईल.

पैसे असे लावा असं माझं मत, डिफ्युजर फुकट, रिव्हर्स रिंग तीनशे, मग थांबा. दोन महिने यावरच काढा. नंतर जीव रमला तर साधा मॅन्युअल फ्लॅश सेकंडहँड बघा, गोडॉक्स किंवा योंगन्यूओ, टीटीएलची (फ्लॅशची ताकद आपोआप ठरवायच्या सोयीची) गरज नाही. त्याच्याही नंतर ५५-२५० वर लावायला रेनॉक्स डीसीआर २५०. ते ८ डायऑप्टर ताकदीचं भिंग आहे, चिमट्यासारखं पुढे अडकतं, २५० वर दुप्पट मोठं दाखवतं आणि तरी किड्यापासून अकरा-बारा सेंटिमीटर लांब राहता येतं, उलट्या लेन्ससारखं नाकाशी नाक नाही. हे पाच हजारांच्या पुढे जाईल म्हणून शेवटी सांगतोय. पाचशे-सहाशेला चार क्लोजअप फिल्टरचा सेट येतो तो मात्र नका घेऊ, एकेरी काच असते, पांढऱ्या फुलाच्या कडेला जांभळी रेघ येतेच येते.

बोराबाजार
थोडं वेगळं सांगतो. जुगाड करत करत मी तीन वर्षांत तुकड्या-तुकड्याने जेवढे पैसे घातले तेवढ्यात वापरलेली जुनी ९० किंवा १०० ची मॅक्रो आली असती. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात सेकंडहँड बघून, हातात घेऊन, तपासून मिळते. ज्यांना हे नक्की करायचंच आहे त्यांनी साठवून एकदाच घ्यावी.

टेकडीवरचा
@बोराबाजार, तुमचं चूक नाही, पण नक्की करायचंय का हेच पहिल्या वर्षी कळत नाही. आणि मॅक्रो लेन्स घेतली तरी डिफ्युजर लागतोच. माझ्या ओळखीत दोघांकडे १०० ची लेन्स आहे आणि उघडा फ्लॅश मारतात, ढालकिडा प्लास्टिकचा वाटतो.

आंबोलीघाट
उशिरा लिहितोय, आमच्याकडे पावसाने दोन दिवस लाईट नव्हती. सामानाचं वर सगळं आलंय, मी फक्त बाहेरचं सांगतो.

आधी फ्रीजचं. नवाकोरा, तू वाईट हेतूने लिहिलं नाहीस हे कळतंय, इंटरनेटवर खरंच असं लिहिलेलं असतं. पण गारठलेला किडा फोटोत ओळखू येतो रे, पाय आत ओढलेले असतात, मिशा खाली पडलेल्या, आणि परत सोडल्यावर तो सावरायच्या आत मुंग्या त्याला उचलतात. त्याची गरजच नाही. किडे झोपतात. निळ्या पट्ट्यांची एक माशी असते, मधमाशीएवढी, ती संध्याकाळी बारीक काडीला जबड्याने चावून धरते आणि रात्रभर तशीच लटकते. कधी एका काडीवर चार-पाच ओळीने. सूर्य उगवायच्या आधी गेलात तर अंगावर दव, प्रत्येक केसावर थेंब, आणि तुम्ही पाच इंचांवर असलात तरी हलत नाही. ऊन लागलं की आधी मिशा साफ करते, मग पंख थरथरवते, मग उडते. त्या अर्ध्या तासात हवे तेवढे फोटो घ्या. एकदा ती काडी सापडली की दुसऱ्या दिवशीही बहुतेक तिथेच येतात.

हात स्थिर ठेवायची युक्ती, डाव्या हाताच्या दोन बोटांत काडी किंवा पानाचा देठ धरायचा आणि त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवायची. मग तुम्ही हललात तरी किडा आणि लेन्स बरोबरच हलतात. श्वास सोडायचा, अर्ध्यावर थांबायचं, बटण. वारा असला तरी जमतं. डोळा शार्प आला पाहिजे, बाकी धूसर चालेल.

आमच्याकडे आंब्याला, काजूला लाल मुंग्यांची घरटी असतात, पानं शिवून केलेली. त्या मुंग्यांत नीट बघत बसा, एखादी मुंगी जरा वेगळी चालते, मागे सरकते, आणि धोका वाटला की धाग्यावरून खाली लटकते. ती मुंगी नाही, कोळी आहे! पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालतो. नराचे जबडे तर एवढे लांब की मुंगीने दुसरी मुंगी तोंडात धरलीये असं वाटतं. मला तो पहिल्यांदा दिसला तो फोटो काढल्यावर, घरी मोठा करून बघताना आठ डोळे दिसले तेव्हा. समोर दोन मोठे काळेभोर, बाकीचे बाजूने. तोपर्यंत मी त्याला मुंगीच समजत होतो. मॅक्रो मला यासाठी आवडतं.

आणि ताई, गुडघे टेकायच्या आधी जमीन बघा. आमच्याकडे फुरसं असतं, पाचोळ्याच्या रंगाचा विषारी साप, तुमच्याकडेही बांधावर काय असेल सांगता येत नाही. डोळा लेन्सला लागला की आजूबाजूचं भान राहत नाही. गमबूट घाला, काठीने गवत हलवा, रात्री तर एकटं जाऊच नका. पावसाळ्यात आंबोलीला एकेका बेडकाभोवती दहा-दहा टॉर्च दिसतात, तो ओरडायचा थांबतो, आणि ओरडायचे त्याचे दिवस वर्षातले मोजकेच. दोन फोटो घेऊन पुढे व्हावं.

नवाकोरा_९
फ्रीजचं डिलीट करायला आलो होतो पण आता एडिटचं बटण दिसत नाहीये. मी स्वतः केलं नव्हतं कधी. आता नाही सांगणार कुणाला. सकाळी लवकर उठून बघतो, आमच्या सोसायटीच्या मागे रुई आहे, तिच्यावर पिवळ्या माव्याची गर्दी असते.

आंबोलीघाट
रुई म्हणजे खजिना आहे रे. माव्यामागे ढालकिडे येतात, ढालकिड्यांच्या अळ्या येतात, पानाखाली प्लेन टायगर फुलपाखराची पट्टेरी अळीपण मिळेल. फक्त चीक डोळ्यात जाऊ देऊ नको.

पानफुटी
दहा दिवसांनी लिहितेय, सगळ्यांना सांगायचं होतं.

डिफ्युजर झाला. पहिला फसला, कागद फ्लॅशला अगदी चिकटवला होता त्यामुळे मण्यावर ठिपका जाईचना, मग बोगदा लांब केला आणि दोन थर लावले. आईने मंगळसूत्र काढून दिलं नाही, गळ्यात असतानाच मणी पुढे धरून बसली, अर्धा तास! शेवटी मण्यावर दादा म्हणाले तसा मऊ ढग आला.

मग मी पानफुटीकडे वळले. पानांवर गेले काही दिवस पांढुरके, पारदर्शक डाग दिसत होते, आई म्हणाली रोग पडला, तोडून टाक. उजेडाकडे पान धरलं तर आत काहीतरी हलत होतं. पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीच्या मध्ये अळी राहते आणि आतला गर खात खात पुढे जाते, मागे काळे दाणे सोडत. रिव्हर्स रिंगने ५५ वर फोटो घेतला, पानाची साल काचेसारखी दिसतेय आणि तिच्या आत अळीच्या अंगावरचे बारीक केस मोजता येताहेत. आयनॅचरलिस्टवर (जीव ओळखून देणाऱ्या वेबसाइटवर) टाकला तर रेड पिएरो म्हणून ओळख मिळाली, ते काळं-पांढरं-केशरी छोटं फुलपाखरू, आमच्या कुंड्यांवर नेहमीच असतं, ते इथेच जन्मतं हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. आईला स्क्रीनवर दाखवलं. तिने तोडलेली दोन पानं कचऱ्यातून उचलून परत कुंडीत ठेवली.

खर्च आत्तापर्यंत ट्यूब ४५०, रिंग २८०, सेलोटेप. बाकी पैसे तसेच आहेत, फ्लॅशसाठी ठेवतेय. काका, मामांकडे जुना कॅमेरा आहे म्हणतात, दिवाळीत गेल्यावर बघून येते आणि आटे मोजून इथे लिहिते.

एक विचारायचं होतं. कढीपत्त्यावरच्या अळीने कोष केलाय, कालपर्यंत हिरवा होता, आज संध्याकाळी काळपट दिसतोय आणि आतून पंखांवरचे पांढरे ठिपके दिसल्यासारखे वाटताहेत. हा उद्याच फुटणार का? किती वाजता बसू?

आंबोलीघाट
उद्या सकाळीच. उजाडायच्या आधी स्टूल घेऊन बसा, बॅटरी आत्ता चार्जिंगला लावा, आणि डोळेसुद्धा मिचकावू नका, कोष फुटायला लागला की दोन-तीन मिनिटांत बाहेर येतं. पंख वाळेपर्यंत फ्लॅश फार मारू नका, हात तर लावूच नका.

पानफुटी
बॅटरी लावली. आईने पण गजर लावलाय.